चंदन-वंदनचा बेत : खिंडीत साडेदहा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि खंबाटकी उतरून सुरूर मागं पडलं, की डाव्या हाताला शेजारी शेजारी दोन सपाट माथ्याचे डोंगर दिसायला लागतात. मध्ये खिंड. हे चंदन आणि वंदन किल्ले. उजवीकडचा वैराटगड निदान ट्रेकवाल्यांच्या यादीत असतो. ह्या जोडीला मात्र हजारो लोक बसच्या खिडकीतून बघतात आणि साताऱ्याला पोचेपर्यंत विसरतात. आमच्या आत्यानं विसरायचं नाकारलं. एका लग्नाहून परतताना तिनं नाव विचारून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाली, "मला त्यावर न्यायचं. गाडीनं वरपर्यंत नको, चालत."

आत्या सदुसष्ट वर्षांची. रोज पर्वती चढते, त्यामुळे तिला उंची पर्वतीतच कळते. "किती पर्वत्या होतील?" हा तिचा पहिला प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रसिद्ध किल्ल्याचा बेत आखायला डोकं लागत नाही. शनिवारी कुठल्या तरी ग्रुपची बस असते, पायथ्याला पोह्यांची टपरी असते, वाटेवर बाण रंगवलेले असतात आणि चुकलात तर मागून येणारे शंभर जण असतात. चंदन-वंदनला यातलं काही गृहीत धरता येत नव्हतं. मी आधी ज्या दोन-चार हकिगती वाचल्या त्या सगळ्या पंचविशीतल्या पोरांच्या, मोटारसायकलवरून गेलेल्या. "दीड तासात दोन्ही किल्ले उरकले." उरकले! आम्हाला उरकायचं नव्हतं, आणि आमच्याकडे मोटारसायकलही नव्हती. आम्ही पाच जण: आत्या, मी, नववीतला भाचा, माझी मैत्रीण आणि गुडघ्याला पट्टा लावणारा तिचा नवरा.

सुरुवात नकाशापासून केली. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे आता त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर 20 मीटर उंचीला एक. मी घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून हवा तो तुकडा मोठा करून घेतला आणि भाच्याला रेषा मोजायला बसवलं. पायथ्याच्या किकली गावापासून माथ्यापर्यंत बावीस-तेवीस. म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास चढ. पर्वतीचा चढ ऐंशीच्या घरात धरला तर पावणेसहा. आत्याला सांगितलं, "सहा पर्वत्या." ती म्हणाली, "एकदम का मध्ये बसायला मिळेल?"

रेषा मोजण्यापेक्षा त्या कुठं दाटतात ते बघणं जास्त कामाचं. सह्याद्रीच्या ह्या पूर्वेकडच्या फाट्यांचं रूप ठरलेलं आहे: खाली शेतं, मग चढत जाणारं गवताळ उतरण, मध्येच एखादी सपाटी, आणि अगदी वर काळ्या कातळाची उभी पट्टी. नकाशावर ती पट्टी रेषा एकमेकींना चिकटल्यासारखी दिसते. वाट ह्या पट्टीतून कुठून तरी आत शिरणार, आणि जिथून शिरणार तिथेच दरवाजा असणार. वंदनच्या बाजूला असा एक कोपरा दिसत होता. खिंडीपर्यंतचा भाग मात्र सौम्य होता, मध्ये बेलमाचीची वस्ती.

मग उपग्रहाचे फोटो. ताजे फोटो पावसाळ्यानंतरचे असले तर सगळं हिरवं दिसतं आणि वाट गवतात बुडालेली असते. गूगल अर्थवर जुन्या तारखांचे फोटो बघता येतात. एप्रिल-मे महिन्यातला एखादा काढावा, पिवळ्या गवतात पायवाट पांढऱ्या रेघेसारखी उठून दिसते. ती रेघ आणि नकाशावरची तुटक रेषा जिथं जुळली तिथं पेन्सिलनं गिरवून घेतली. जिथं जुळली नाही तिथं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं, गावात विचारायला.

इतिहास मी वाचला तो बेतासाठीच. दोन्ही किल्ले शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावावर सांगतात, म्हणजे बाराव्या शतकाची अखेर. 1673 साली हा मुलूख शिवाजी महाराजांकडे आला. पुढे मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांनी एका पावसाळ्यात इथं छावणी टाकली होती. वाचताना माझ्या डोक्यात वेगळाच हिशोब चालला होता: छावणी म्हणजे माणसं, घोडी, दाणागोटा. एवढं सगळं पावसाळाभर जिथं राहू शकलं, तिथली जुनी वाट शेळीच्या पायाची नसणार.

पण वाट कशी आहे हे राजांच्या इतिहासातून कळत नाही. त्यासाठी गावातलं माणूस लागतं. ऑफिसातल्या एकाचे मामा महामार्गावरच्या भुईंजजवळचे. त्यांच्याकडून किकलीच्या बाजूला दूध संकलन करणाऱ्या एका बापूंचा नंबर मिळाला. मामांनी बजावलं, "सकाळी साडेआठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फोन करू नका, दुधाचा काटा चालू असतो." मी अकराला केला.

"बापू, वंदनवर जायला किती वेळ लागतो?"

"ह्ये काय. अर्धा तास."

गावाकडच्या माणसाला अंतर विचारणं व्यर्थ आहे. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच अर्धा तास लागतो. म्हणून मी विचारायची पद्धत बदलली.

"वर गुरं जातात का?"

"जात्यात की. नवाला सोडत्यात बगा."

"मग खिंडीत कधी पोचतात?"

"चरत चरत जायाची ती. अकरा वाजत्यात."

"आणि शेवटच्या चढावर गाय जाते का शेळीच?"

"दरवाजापतोर गाय जाती. वाट मोडल्याली हाय, धोंडं पडल्यात, पर जाती."

हे मला हवं होतं. गाय जाते म्हणजे आत्या जाईल, गुडघेवाले भाऊजीही जातील. चरत चरत दोन तास म्हणजे आमचाही वेग तोच. आत्याला ही तुलना मी सांगितली नाही.

बापूंनी न विचारता आणखी तीन गोष्टी सांगितल्या आणि त्या कुठल्याही नकाशात नव्हत्या. "वर टाक्यात पानी हाय, पर प्यायचं न्हाई. शेवाळ असतंय, वाकून बगाय जाऊ नका." दुसरी: "कड्याला मोहळं हायती, आग्या. सेंटबिंट लावून येऊ नका आन् बिडीकाडी वडणारं कोण असंल तर खालीच ठिवा." तिसरी: "कुसळं लई झाल्याती औंदा." ह्या तिसऱ्या गोष्टीनं आमचे कपडे ठरवले. पावसाळा सरला की ह्या उतारांवरचं गवत वाळून त्याचे भाले होतात, सुती मोज्यात आणि लोकरीच्या स्वेटरमध्ये असे घुसतात की धुतल्यावरही निघत नाहीत. गुळगुळीत कापडाच्या पॅन्टी आणि घोट्याच्या वर येणारे बूट, असं फर्मान काढलं. भाच्याला हाफ पॅन्ट घालायची होती. त्याला म्हटलं, घाल, पण रडायचं नाही. त्यानं फुल पॅन्ट घेतली.

चढाच्या वेळेचा हिशोब करायला मी 1892 साली विल्यम नेस्मिथ ह्या स्कॉटिश गिर्यारोहकानं घालून दिलेला ठोकताळा धरते: सपाटीला तासाला साधारण 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. स्कॉटलंडच्या थंडीत ते ठीक असेल. साताऱ्याच्या उन्हात, गप्पा मारत, भाच्याच्या दर वळणावरच्या बिस्किटांसह ह्याची दीडपट करावी लागते. आत्यासाठी किती पट, हे बघायला तिला सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेनं नेऊन आणलं. तिथला चढ वंदनहून जास्त आहे. ती अजिबात थांबली नाही, पण घाईही केली नाही, आणि वर गेल्यावर दही खाऊन म्हणाली, "आता तुझा तो डोंगर दाखव." दुप्पट धरायचं ठरलं. उतरताना मात्र ती चढण्याइतकाच वेळ घेते, हे तिथं कळलं, आणि हीच माहिती पुढं सगळ्यात उपयोगी पडली.

खरी गुंतागुंत झाली तारखेची. किल्ल्याच्या नव्हे, एसटीच्या. पुण्याहून साताऱ्याला दर थोड्या वेळानं गाडी आहे, पण विनाथांबा गाडी भुईंजला थांबत नाही आणि वाईची गाडी सुरूरवरूनच उजवीकडे वळते. म्हणजे साताऱ्याकडची साधी गाडी हवी. हे सोपं. भुईंजपासून आत किकलीला वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप, मिळतं, सकाळी सहज, बाजाराच्या दिवशी तर दाराला लोंबकळून. परतीचं काय? दुपारनंतर वडाप भरत नाही, आणि भरल्याशिवाय ते हलत नाही. उरली गावात येणारी एसटी. बापू म्हणाले, संध्याकाळी पाचच्या सुमाराला आहे. वर म्हणाले, "शाळा असंल तर."

गावाकडच्या निम्म्या गाड्या शाळेच्या पोरांच्या जिवावर चालतात. सुट्टी असली की फेरी रद्द. शहरातले लोक नेमके सुट्टीच्या दिवशी डोंगरात जातात आणि मग फाट्यावर उभं राहून एसटीला शिव्या घालतात. आम्हाला असा दिवस हवा होता की भाच्याच्या शाळेला सुट्टी आहे आणि किकलीच्या पोरांच्या शाळेला नाही. तो असतो! शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा नाताळात आठवडाभर बंद असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेला फक्त 25 डिसेंबरची सुट्टी. मग पुढची चाळणी: शुक्रवार ते सोमवार नको, कारण त्या आठवड्यात महाबळेश्वरला निघालेल्या मोटारींनी खंबाटकी तुंबलेली असते. गुरुवार नको, मैत्रिणीचा मार्गशीर्षातला उपास. राहिले मंगळवार, बुधवार. मंगळवारी भाऊजींना फिजिओथेरपी. बुधवार ठरला. पाच माणसांत एक दिवस मिळणं हे मुहूर्त काढण्याहून अवघड आहे, आणि पत्रिका जुळवणाऱ्याला निदान दोनच बघाव्या लागतात.

दिवस ठरल्यावर वेळापत्रक मी उलटं लिहिलं. आधी शेवटची ओळ: पाच वाजता किकलीच्या थांब्यावर. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे ही गाडी चुकली तर भुईंजपर्यंत अंधारात, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून चालावं लागणार. कारखान्याचा हंगाम चालू असतो, रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या आणि मागं दिवा असेलच असं नाही. तेव्हा गाडी चुकवायची नाही. पाचाच्या आधी अर्धा तास राखीव. उतरायला अडीच तास. म्हणजे दोनला माथा सोडायचा. वर दोन तास तरी हवेत, जेवणासकट. म्हणजे बाराला दरवाजात. खिंडीतून दरवाजापर्यंत आणि थोडी चुकामूक धरून दीड तास. म्हणजे खिंडीत साडेदहा.

आणि इथं वाद झाला. खिंडीत उभं राहिलं की एका बाजूला चंदन, दुसऱ्या बाजूला वंदन. आत्याला चंदन हवा होता, कारण तिथं महादेवाचं देऊळ आहे, जवळच दर्गाही. भाच्याला वंदन, कारण तो जास्त उंच आणि तिथं एकापाठोपाठ दरवाजे. मैत्रीण म्हणाली, एवढं लांब जाऊन एकच कसा करायचा? लोक तर दोन्ही करतात. माझं मत सरळ होतं: दोन डोंगर धावत बघण्यापेक्षा एक नीट बघावा. पण मत लादण्यापेक्षा घड्याळावर सोपवलं. दहाच्या आत खिंडीत पोचलो तर आधी चंदन, मग वंदन. दहा ते साडेदहात पोचलो तर फक्त वंदन. साडेदहानंतर तर वंदनही दरवाजापर्यंतच. हे तीन पर्याय कागदावर लिहून सगळ्यांना वाचून दाखवले. डोंगरावर गेल्यावर, दमल्यावर, ऊन लागल्यावर पाच माणसं वाद घालायला लागली की निर्णय सगळ्यात हट्टी माणसाचा होतो. आमच्यात ते माणूस आत्या आहे.

त्याच कागदाची एक प्रत घरी ठेवली. त्यावर बापूंचा नंबर, रुग्णवाहिकेचा 108, आणि एक वाक्य: सहापर्यंत आमचा फोन आला नाही तर आधी बापूंना विचारा. डोंगराच्या कुशीत रेंज कधी येते कधी जाते. घरच्यांनी किती वाजेपर्यंत काळजी करायची नाही, हे सांगून ठेवलेलं बरं.

बाकी सामानावर फार लिहीत नाही. माणशी तीन लिटर पाणी, ते गावातूनच भरून घ्यायचं. भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे. वर चूल नाही, चहासुद्धा नाही. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली की अख्खा डोंगर काळा होतो आणि गुरांचा उन्हाळ्यापर्यंतचा चारा जातो.

बुधवारी पहाटेची गाडी वेळेवर सुटली. भुईंजला उतरलो तेव्हा कारखान्याच्या बाजूनं मळीचा वास येत होता आणि वडापवाल्यानं आत्याला पुढची सीट देऊन आम्हा चौघांना मागं कोंबलं. सव्वाआठला किकलीत. इथपर्यंत कागद बरोबर चालला.

किकलीच्या भैरवनाथाच्या देवळासाठी मी वीस मिनिटं ठेवली होती. देऊळ यादवकाळातलं, दगडी, आणि आवारात वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, मांडलेले. एक-दोन नव्हेत, रांगाच्या रांगा. भाच्यानं आधी कधी वीरगळ पाहिला नव्हता. मी त्याला खालून वर वाचायला सांगितलं. सगळ्यात खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, काही दगडांवर त्याच्या शेजारी गाई: म्हणजे गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. आणि अगदी वर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर ह्याचं नाव राहो म्हणून. नाव मात्र कुठंच कोरलेलं नाही. भाचा एकेका दगडापुढं उकिडवा बसून "ह्याच्या पण गाईच" असं मोजत चालला. एका दगडावर त्याला घोडा सापडला, तेव्हा तर त्यानं सगळ्यांना हाका मारून गोळा केलं. आत्या देवळात जाऊन बसली ती उठेना. वीस मिनिटांचा तास झाला. मला घाई करवेना. मीच नंतर कागदावर "देऊळ : 1 तास" असं खोडून लिहिलं.

बेलमाचीच्या बाजूनं खिंडीकडे निघालो. शाळू पोटरीत आलेला, बांधावर हरभरा. प्रश्नचिन्ह काढलेल्या जागी खरोखरच दोन वाटा फुटत होत्या, आणि गुरांमागं चाललेल्या एका मावशींनी न विचारताच काठीनं वरची दाखवली. गाई पुढं, आम्ही मागं. मध्ये एक गाय थांबून गवत खायला लागली की आत्याही थांबायची, आणि निघाली की निघायची. खिंडीत पोचलो तेव्हा भाच्यानं घड्याळ बघून जाहीर केलं: दहा पंचवीस.

आत्यानं चंदनकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. "नियम म्हणजे नियम," म्हणाली आणि वंदनच्या बाजूला वळली. मला वाटलं होतं त्याहून फार सहज.

दरवाजाची वाट बापूंनी सांगितली तशीच निघाली: मोडलेली, धोंडे पडलेले, पण गाईच्या शेणाच्या खुणा थेट कमानीपर्यंत. वरचं टाकं आम्ही लांबूनच बघितलं. माथ्यावर वारा एवढा की भाकरीवरचा ठेचा उडून भाऊजींच्या चष्म्यावर. पश्चिमेला वैराटगड आणि त्याच्या पलीकडे पांडवगड, दक्षिणेला जरंडेश्वर आणि अजिंक्यतारा. महामार्गावरच्या बसगाड्या काडेपेटीएवढ्या. भाचा म्हणाला, आपण त्या बसमधून इकडे बघायचो. दोनला उतरायला लागलो, आणि आत्याच्या गुडघ्यांनी सिंहगडावर कबूल केलेला वेळ मिनिटाला मिनिट घेतला.

थांब्यावर साडेचारला होतो. एसटी सव्वापाचला आली, शाळेच्या पोरांनी भरलेली. एका मुलीनं आत्याला जागा दिली आणि विचारलं, "आजी, चंदन पण केला?"

"नाही गं, उशीर झाला. देवळात बसले होते."

"मग आमच्या शाळेला सुट्टी लागायच्या आधी या. सुट्टीत ही गाडी नसती."

आत्यानं पिशवीतून कागद मागून घेतला आणि मागच्या बाजूला मला लिहायला लावलं: चंदन. देऊळ नको, थेट खिंड. खिंडीत साडेनऊ. म्हणजे किकलीत मुक्काम, कारण पहाटेच्या गाडीनं ते जेमतेमच जमेल. राहायची सोय बापूंना विचारायची, काटा बंद झाल्यावर.